अकरावी कॉमर्सला आयटी शिकवायचंय? तयारी दुकानाच्या बिलापासून करा

मे महिन्याच्या शेवटी फोन येतो, "मॅडम, यंदा अकरावी कॉमर्सची आयटी तुमच्याकडे." ज्यांना तो फोन पहिल्यांदाच आलाय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षं शिकवते. पहिल्या वर्षी संगणकाच्या पिढ्यांपासून सुरुवात केली होती. दिवाळी आली तरी निम्म्या वर्गाला आपण हे सगळं कशासाठी शिकतोय ते कळलेलं नव्हतं. आता माझी सगळी तयारी एकाच गोष्टीभोवती असते: कॉमर्सच्या मुलाच्या हातात आधी धंद्याचा कागद यावा, मग माउस. बिल, पावती, उधारीची वही, बचत गटाचं रजिस्टर. कागदावर काय लिहिलंय आणि का लिहिलंय हे समजलेलं मूल मशीनवर बसलं, की शीट कशी आखायची ते बरंचसं आपलं आपणच शोधतं.

पुस्तक आणि वेळापत्रक

चालू वर्षाचं पाठ्यपुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतं. ते आधी उतरवून घ्या, मागच्या शिक्षकांच्या कपाटातल्या प्रतीवर विसंबू नका. पूर्ण पुस्तक एका बैठकीत वाचा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे पेन्सिलीने एकच खूण करा: हे फळ्यावर होईल, की मशीनवरच करावं लागेल? वर्षभराचं नियोजन या खुणांवरूनच निघतं. वेब डिझाइन, डेटाबेस, हिशोबाचं पॅकेज हे मशीनचे भाग आहेत, त्यांना लॅबचे तास लागतात. सायबर कायद्याला चर्चा लागते आणि ती वर्गातच छान होते.

बारावीला राज्य मंडळाची आयटीची परीक्षा ऑनलाइन असते, ८० गुणांची, आणि प्रॅक्टिकलला २०. रिकाम्या जागा, चूक की बरोबर, पर्याय निवडा, असे प्रश्न बरेच असल्यामुळे प्रश्नसंच पाठ करून घेण्याचा मोह होतो. अकरावीला तो पूर्णपणे टाळा. प्रश्नसंच बारावीच्या दिवाळीनंतर काढले तरी पुरतात. हाताला काम करायची सवय मात्र अकरावीतच लागते, नंतर लागत नाही.

आणखी एक हिशोब ठेवा. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन फेऱ्यांनी होतात, त्यामुळे वर्ग एका दिवसात भरत नाही, मुलं टप्प्याटप्प्याने येत राहतात. म्हणून पहिल्या महिन्याचं प्रत्येक प्रॅक्टिकल स्वतंत्र असू द्या. तिसऱ्या फेरीत आलेल्या मुलीला मागच्या दोन तासांची उणीव न भासता बसता आलं पाहिजे.

लॅबमध्ये एक अख्खा दिवस

महाविद्यालय सुरू व्हायच्या आधी किल्ली मागून घ्या आणि लॅबमध्ये एक दिवस घालवा. सगळी मशीन्स एकाच वेळी चालू करा. एकेक चालवून पाहिली, तर यूपीएसची बॅटरी किती दमाची आहे ते कळतच नाही. सगळी चालू असताना मेन स्विच बंद करून घड्याळ लावा. चार मिनिटं मिळत असतील, तर ती चार मिनिटं मुलांना पहिल्याच दिवशी सांगायची असतात.

मग प्रत्येक मशीनची तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो आणि मशीन दर वेळी जुन्याच वर्षात उठतं. अशा मशीनवर व्हाउचर चुकीच्या तारखेला पडतात, ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देऊन संकेतस्थळ उघडत नाही, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. सेल स्वस्त असतो, पाच-सहा घेऊन ठेवा.

त्यानंतर रीजन सेटिंग. हे मी ठळक अक्षरांत सांगेन. मशीन अमेरिकी पद्धतीवर असलं, तर मुलगी ०४/०७ लिहिते ती चार जुलै म्हणून, आणि एक्सेल ती सात एप्रिल समजतं. १३/०७ लिहिलं, तर तेरावा महिना नसल्यामुळे ते तारीख मानतच नाही, सेलमध्ये डावीकडे चिकटवून साधा मजकूर म्हणून ठेवतं. अर्ध्या तारखा चुकलेल्या आणि अर्ध्या तारखाच नसलेल्या, अशी शीट नंतर तारखेनुसार लावायला घेतली की सगळा तास वाया जातो. इंग्लिश इंडिया निवडा, मग तारीखही बरोबर येते आणि लाखाचा स्वल्पविरामही १,००,००० असा आपल्या जागी पडतो.

सॉफ्टवेअर कोणतं हा प्रश्न त्यानंतरचा. लॅबमध्ये जे आहे त्यावरच तयारी करा, घरच्या लॅपटॉपवर नको. मी एकदा घरच्या नव्या एक्सेलवर एक्सलुकअप वापरून सुंदर उदाहरण तयार केलं होतं. लॅबमधल्या जुन्या आवृत्तीत ते फंक्शनच नव्हतं. वीस मुलांसमोर वीस पडद्यांवर एकच चूक उभी होती. परवाना नसेल, तर लिबरऑफिस टाका. ते मोफत आहे आणि अकरावीच्या कामाला कुठेही कमी पडत नाही.

कागद गोळा करा

माझ्या मते सगळ्या तयारीत हा टप्पा सर्वांत मोलाचा आहे. ओळखीच्या किराणावाल्या काकांकडे, मेडिकलमध्ये, खतांच्या दुकानात जा आणि जुन्या बिलांच्या झेरॉक्स मागा. खरेदीची बिलं वेगळी मागा, म्हणजे ठोक व्यापाऱ्याने दुकानदाराला दिलेली. गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर झेरॉक्स काढण्याआधी पट्टी लावून झाका. मुलांना ती पट्टी का लावली हे आवर्जून सांगा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा शिकवायला त्या पट्टीइतकं चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

सगळ्या मुलांच्या घरी दुकान नसतं. ज्याचे वडील रिक्षा चालवतात, त्याच्याकडे पेट्रोलच्या पावत्या असतात. जिची आई बचत गटात आहे, तिच्या घरी मासिक वर्गणीची आणि अंतर्गत कर्जाची वही असते, आणि व्याजाचा तक्ता शिकवायला ती बिलांपेक्षाही सरस. मी मुलांना चार-चारच्या गटात एक काल्पनिक दुकान काढायला लावते. नाव मुलंच ठेवतात. ते दुकान दोन्ही वर्षं चालतं: शीटमध्ये त्याचा माल, डेटाबेसमध्ये त्याचे गिऱ्हाईक, पॅकेजमध्ये त्याचे हिशोब, एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेब पानाच्या भाषेत, त्याचं एक पान.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. काही दुकानदारांच्या बिलावर कराचा रकानाच नसतो, वर "बिल ऑफ सप्लाय" असं छापलेलं असतं. ते छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असतील, तर त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. मूल विचारतं, "मॅडम, या बिलात जीएसटी का नाही?" तेव्हा उत्तर तयार हवं.

वीस रुपयांचा साबण

आता स्प्रेडशीटचा मुख्य धडा. यासाठी मी साबणाची दोन बिलं घेते, एक २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं आणि एक नंतरचं. त्या दिवशी अंगाच्या साबणावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मुलांनी कराचा दर सूत्रातच लिहिला असेल, तर आता पन्नास ओळींत पन्नास ठिकाणी बदल करावा लागतो. दर वरच्या एका सेलमध्ये ठेवून सूत्रात त्या सेलचा पत्ता डॉलरचं चिन्ह लावून दिला असेल, तर एकच आकडा बदलला की काम संपतं. डॉलरच्या चिन्हाची व्याख्या मी सांगत नाही. आधी पन्नास ओळी हाताने बदलायला लावते. आठव्या-दहाव्या ओळीला कोणीतरी विचारतंच, "मॅडम, याला दुसरा मार्ग नाही का?" त्या क्षणी एफ४ दाबून दाखवायचं.

पुढची पायरी किमतीतून कर वेगळा काढण्याची. साबणावर छापलेली किंमत करासकट असते. १०५ रुपयांत ५ टक्के कर किती, असं विचारलं की बहुतेक मुलं १०५ चे ५ टक्के काढून ५ रुपये २५ पैसे सांगतात. बरोबर उत्तर ५ रुपये, कारण मूळ किंमत १०० आहे. १०५ ला १.०५ ने भागायचं, मग मूळ किंमत वजा करायची. हे फळ्यावर, तोंडी, मशीन बंद ठेवून करा.

आणि मग वीस रुपयांची वडी घ्या. २० भागिले १.०५ केलं की १९.०४७६ असा लांबलचक आकडा येतो, दोन दशांशांत तो १९.०५ दिसतो. उरलेल्या कराचे दोन समान भाग, केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, प्रत्येकी ०.४७६२, दिसायला ०.४८. एकूण बेरजेचा सेल दाखवतो २०.००. आता मुलांना म्हणा, पडद्यावर दिसतात ते तीन आकडे पाटीवर बेरीज करा. १९.०५ अधिक ०.४८ अधिक ०.४८. येतात २०.०१.

वर्ग शांत होतो. मशीन चुकलं का? मशीन आतमध्ये पूर्ण आकडा धरून बेरीज करतं, पडद्यावर मात्र दोनच दशांश दाखवतं. सेलचं फॉरमॅट बदलणं म्हणजे आकड्याचे कपडे बदलणं, आकडा बदलायचा असेल तर राउंड फंक्शन लागतं. हे एकदा कळलं की मुलं आपणहून झेरॉक्सकडे वळतात आणि बिलाच्या तळाशी "राउंड ऑफ" अशी ओळ का असते ते त्यांना दिसतं. मी हा तास दर वर्षी घेते आणि दर वर्षी तो पंधरा मिनिटं लांबतो. लांबू द्या.

अट तपासणाऱ्या इफ फंक्शनसाठी जीएसटी क्रमांक घ्या. तो १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, कर्नाटकाचा २९. क्रमांकाची पहिली दोन अक्षरं लेफ्ट फंक्शनने उचलायची आणि २७ आली तर सीजीएसटी-एसजीएसटी, नाहीतर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या व्यवहारावरचा कर, असं लिहायचं. बेळगावच्या व्यापाऱ्याने आपल्या दुकानाला माल पाठवला, तर त्या बिलावर एकच आयजीएसटीचा रकाना का आहे, ते मुलं शीटमधून आणि कागदावरून पडताळून बघतात. त्याच क्रमांकावर डेटा व्हॅलिडेशनही शिकवून होतं: लांबी १५ नसेल तर सेलने नोंद घ्यायची नाही. लेफ्टने उचललेला २७ हा मजकूर असतो, संख्या नसते, म्हणून तुलना करताना तो अवतरण चिन्हात लिहायचा. इथे निम्मी मुलं अडकतात, तुम्हीही आधी एकदा अडकून बघा.

बँकेचा खाते क्रमांकही एकदा टाकायला लावा, १६ आकडी. एक्सेल संख्येचे १५ च आकडे नीट धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य येतं. सुरुवातीची शून्यंही गळतात. कॉलमला आधी टेक्स्ट फॉरमॅट द्यायचं, मग नंबर टाकायचे. पगारपत्रक करणाऱ्या कारकुनाने हे केलं नाही, तर पैसे कोणाच्या खात्यात जातील, एवढं विचारलं की पुरे.

चुका पेरलेली शीट

महिन्यातून एकदा मी स्वतः चुकवलेली शीट देते. बेरजेची रेंज दोन ओळी आधी संपलेली, एका ठिकाणी सूत्राऐवजी आकडा ठोकलेला, एक तारीख मजकूर झालेली. शोधा आणि समासात लिहून द्या. व्यवसायात संगणकावर बसणाऱ्याचं निम्मं काम दुसऱ्याची शीट तपासण्याचंच असतं, म्हणून मी याला नवी शीट बनवण्याइतकेच गुण देते.

यासाठी दोन खऱ्या हकिकती जवळ ठेवा. हार्वर्डचे कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या २०१० च्या निबंधात देशांवरचं कर्ज आणि वाढीचा दर यांची सरासरी काढली होती. ती जगभर उद्धृत झाली. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवली, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश सुटलेले दिसले. निबंधावर आक्षेप इतरही होते, पण वर्गात ही सुटलेली रेंज पुरते. दुसरी हकिकत इंग्लंडमधली, ऑक्टोबर २०२० ची: कोविडच्या चाचण्यांची माहिती जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमधून पाठवली जात होती. त्या फाइलमध्ये ६५,५३६ ओळीच मावतात. वरचे १५,८४१ रुग्ण नोंदीतून गळाले. विद्यार्थ्याने प्राध्यापकांची चूक शोधली, ही गोष्ट ऐकल्यावर माझ्या शीट तपासताना मुलांचे डोळे वेगळेच चमकतात. कधीकधी मी न पेरलेली चूकही सापडते. तिला दोन गुण जास्त.

नावे, जमा आणि एफ-कीज

हिशोबाच्या पॅकेजआधी पुस्तपालन शिकवणाऱ्या सरांना भेटा आणि त्यांचं नियोजन घ्या. रोजकीर्द आणि खतावणी वर्गात झालेली नसताना टॅलीसारखं पॅकेज उघडलं, तर मुलं एफ५ म्हणजे पेमेंट, एफ६ म्हणजे रिसीट, एफ७ म्हणजे जर्नल असं पाढ्यासारखं पाठ करतात. मग व्यवहार बदलला की हात थांबतो. मी एका कागदावर दहा व्यवहार देते, आधी वहीत नावे-जमा लिहायला लावते, तेरीज जुळवून घेते, मगच मशीन. पॅकेजमधली ट्रायल बॅलन्स आणि वहीतली तेरीज शेजारी ठेवायची. जुळली नाही, तर चूक कुठे आहे ते मुलांनी शोधायचं, आपण मधे पडायचं नाही.

परवाना नसेल, तर टॅली एज्युकेशनल मोडमध्ये चालते, पण महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी घेते. व्यवहार लिहिताना तारखा त्या हिशोबाने द्या, नाहीतर पहिल्याच व्हाउचरला सगळे अडतात. जीएनयूखाता हे भारतात घडलेलं मुक्त पॅकेज आहे, त्याला परवान्याची अडचणच नाही.

फसवणुकीचा धडा लवकर घ्या

सायबर कायद्याचा धडा पुस्तकात कुठेही असो, मी तो ऑगस्टच्या आत घेते. सोळा वर्षांच्या मुलांच्या हातात आज यूपीआय आहे आणि दुकानात बापाऐवजी कोड स्कॅन करून घेणारी तीच असतात. एक वाक्य फळ्यावर वर्षभर राहू द्या: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पैसे देतो म्हणून कोणी पिन टाकायला लावला, की पैसे जातातच. फसवणूक झाली, तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मधली ६६सी आणि ६६डी ही कलमं, ओळख चोरणं आणि दुसरं कोणी असल्याचं भासवून फसवणं, दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, हे याच चर्चेत सहज येतं. घरी घडलेला प्रसंग कोणाला सांगायचा असेल तर सांगू द्या, पण आग्रह करू नका. फसलेल्या माणसाच्या घरात त्याची लाज असते.

पहिलं प्रॅक्टिकल

साठ मुलं आणि वीस मशीन्स असतील, तर तीन बॅच करा आणि एका मशीनवर एकच मूल बसवा. दोन बसवावी लागलीच, तर दर पंधरा मिनिटांनी जागा बदला. नाहीतर ज्याच्या घरी लॅपटॉप आहे त्याच्याच हातात माउस राहतो, आणि शेजारची मुलगी वर्षभर बघत राहते. मी हे पहिल्या वर्षी उशिरा पाहिलं, जानेवारीत, आणि त्या मुलीला तोपर्यंत फाइल सेव्ह करता येत नव्हती. बदल करायचा गजर आता मोबाइलवर लावून ठेवते.

जो काही सराव देणार आहात, तो आदल्या दिवशी लॅबमधल्याच मशीनवर स्वतः करा आणि वेळ मोजा. तुम्हाला दहा मिनिटं लागली, तर मुलांना तीस धरा.

मोबाइलवर वाढलेल्या मुलांना फोल्डर ही कल्पना नवी असते. फोनमध्ये फोटो आपोआप कुठेतरी जातो आणि आपोआप सापडतो. म्हणून पहिल्या दिवशीचं काम एवढंच: डी ड्राइव्हवर बॅचचा फोल्डर, त्यात आपल्या रोल नंबरचा फोल्डर, त्यात आज मिळालेल्या बिलाची फाइल. प्रत्येक टेबलावर बिलाची एक झेरॉक्स ठेवा. वस्तू, नग, दर, रक्कम, दहा ओळी टाइप करायच्या. रक्कम सूत्राने, बेरीज सम फंक्शनने. सेव्ह करायचं, सगळं बंद करायचं, उठायचं, पाणी पिऊन यायचं, आणि आपली फाइल पुन्हा शोधून उघडायची. जिला ती सापडली, तिचं पहिलं प्रॅक्टिकल झालं. प्रॅक्टिकलच्या वहीत, म्हणजे जर्नलमध्ये, तारीख आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहून घ्या, सही करा आणि पुढच्या बॅचला आत घ्या.

टेबलांवरच्या झेरॉक्सपैकी एक बिल हाताने लिहिलेलं, बेरीज चुकलेलं असेल असं बघा. मूल हात वर करून म्हणतं, "मॅडम, माझं टोटल जुळत नाही." अशा वेळी त्याचं सूत्र तपासायला धावू नका. त्याला कागदावरची बेरीज पुन्हा करायला सांगा आणि शेजारी उभ्या राहा.